अर्धे प्रश्न

शर्वाणी मुळ्ये, देवास, असं पडद्यावर आलं की
तारे काका चपला काढता काढता विचारायचे,
हरली का?

रामबागेत आमचाच टीव्ही मोठा, म्हणून सगळे इथेच जमायचे.
साडेआठला मी सेव-परमलचं ताट फिरवायची
आणि कुणाचं लक्ष नाही बघून
आवाज एक घर वाढवायची.

पहिल्या आठवड्यात ती आमची होती.
नलू वन्सं सांगत होत्या, हिची मावशी आमच्या लग्नात
तीन दिवस राहिली, पुऱ्या लाटल्या तिनं.
दुसऱ्या आठवड्यात, हसत का नाही पण ही?
एवढे पैसे मिळाले की माणूस जरा हसतं.
तिसऱ्यात त्या मावशीच्या पुऱ्याही
फुगल्या नव्हत्या म्हणे.

आणि त्यात देवास!
इंदूरनं देवासकडे कायम बसच्या खिडकीतून पाहिलेलं.
पस्तीस किलोमीटरवरचं कुणी इतकं हुशार असावं
हे ह्यांना पचेना,
दिल्ली-कलकत्त्याचं असतं तर चाललं असतं.

ती प्रश्न पुरा होऊ देत नसे, हे खरं दुखणं.
'असा कोणता पक्षी, जो आपल्या पिलांना—'
टिक्. उत्तर. बरोबर.
पिलांना काय करतो तो? कुणी सांगेना.
'राजा वारल्यानंतर त्याच्या तिन्ही राण्यांनी—'
टिक्.
एक नाव, इतकं भरभर की कुणाच्या हाती लागलं नाही.
टाळ्या. पुढचा प्रश्न.
आम्ही एकमेकांकडे पाहत राहिलो.
दुधाच्या हिशेबाच्या वहीत, मागच्या पानांवर
मी हे अर्धे प्रश्न उतरवत गेले.
एकशे बारा भरले.

वरच्या खोलीतला अंशुल पोरवाल, मंदसौरचा,
पीएससीची चौथी खेप.
जिन्याच्या पायरीवर बसून बघायचा, आत यायचा नाही.
उत्तरं त्याला येत. ओठ हलत.
पण तिच्यानंतर,
मोहरीएवढ्या अंतरानं तिच्यानंतर.
भिया, ही माणूस नाही, म्हणाला एकदा.
त्यात राग होता की नमस्कार, मला कळलं नाही.

एक मी कुणाला सांगितलेलं नाही.
नळकराच्या खिडकीत बसते मी, बावीस वर्षं.
एकानं सुरू केलं, मॅडम, वडिलांच्या नावाचं कनेक्शन—
आणि माझं बोट आपोआप टेबलावर टेकलं.
सात नंबरचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, दोन फोटो.
तो बघतच राहिला.
दिवसभर हातात काहीतरी गोड झिणझिणत होतं.

एक्केचाळिसाव्या दिवशी ती हरली.
समोर कोरब्याचा एक पोस्टमन, मांडीवर हात ठेवून
शेवटपर्यंत ऐकणारा.
तिनं टिक् केलं, चुकलं,
मग नियमाप्रमाणे तोच प्रश्न त्याच्यासाठी पुरा वाचला गेला.
केवढा लांब होता! मध्ये दोन स्वल्पविराम.
ती ऐकत होती, मान किंचित तिरकी,
दुसऱ्याच्या घरातलं सामान बघावं तशी,
आणि बोट अजून बटणावरच.

तारे काकांनी एक टाळी वाजवली.
दुसरी वाजवली नाही.
वन्सं म्हणाल्या, बिचारी,
पुऱ्या छान लाटायची हो तिची मावशी.
अंशुल वर गेला. दिवा लागला,
तो रात्रभर विझला नाही.

आता रोज प्रश्न पुरे ऐकू येतात.
पोस्टमन गोड आहे, हसतो, आईला नमस्कार सांगतो.
काका जेवूनखाऊन नऊला येतात,
कधी येतही नाहीत.
सेव उरते.

काल मध्यरात्री हे कुशीवर वळले,
अगं, म्हणाले, त्या राजाच्या तिन्ही राण्यांनी—
आणि तिथेच त्यांना झोप लागली.